टकरीचा डांगोरा

दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात, त्यांच्या पोटातील वायू ढवळून निघतो, तो मध्यभागी निजलेल्या कृष्णविवराच्या मुखात पडतो, आणि मग तो राक्षस जागा होऊन सबंध दीर्घिकेस लाजवील असा प्रकाश ओकू लागतो, ही कथा आमच्या वाचकांनी कोठे ना कोठे ऐकली असेलच. मराठीत खगोलशास्त्राविषयी लोकांसाठी जे लिहिले व बोलले जाते त्यात ती अलीकडे इतक्या ठिकाणी आणि इतक्या निःशंक स्वरात सांगितली जाते की, हा सिद्ध झालेला नियम नसून एक मत आहे, व तेही अर्धेमुर्धेच टिकलेले मत आहे, अशी शंकासुद्धा ऐकणाऱ्यास येऊ नये. आमचा वाद या कथेशी आहे. टकरी होतच नाहीत असे आम्ही म्हणत नाही. त्या होतात आणि त्यांची छायाचित्रेही आहेत. टकरीने कधीच गाभा पेटत नाही, असेही आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे असे की, जे गाभे आज पेटलेले दिसतात त्यांपैकी बहुतेकांच्या घरी टकरीची खूण सापडत नाही, असा मोजदादीचा कौल आहे. आणि तो कौल दडपून टकरीचा डांगोरा पिटणे हे शास्त्राच्या नावाखाली गोष्ट सांगणे होय.

जळकोटासारख्या बालाघाटाच्या कुशीतील डोंगरी तालुक्यात बसून असल्या दूरच्या भांडणात पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. एक कारण असे की, या बाबतीत आकाश आमच्यावर पुण्या-मुंबईपेक्षा अधिक प्रसन्न आहे. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपास, रात्री आठच्या सुमारास, गावाबाहेरच्या माळावर उभे राहून डोक्यावर किंचित उत्तरेस पाहिले, तर देवयानी नक्षत्रात एक पुसट पांढुरका डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ती देवयानी दीर्घिका. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. शहरातल्या विजेच्या झगमगाटात हे भाग्य आता कोणास लाभत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कारण कशास म्हणावे व निमित्त कशास म्हणावे, हा प्रश्न आमच्या लातूर जिल्ह्यास पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस धरणी हादरली, हजारो माणसे झोपेतच गेली, आणि पुढे कित्येक वर्षे एका गोष्टीवर वाद चालला, तो म्हणजे तेरणेवरील माकणीच्या जलाशयाने हे केले काय, हा. त्या वादाकडे आम्ही पुढे येऊच. प्रथम दीर्घिकांचे गाभे काय प्रकरण आहे ते पाहू.

१९४३ साली कार्ल सीफर्ट या अमेरिकन ज्योतिर्विदाने काही सर्पिल दीर्घिकांच्या मध्यबिंदूतून येणारा प्रकाश तपासला, तेव्हा त्यास असे आढळले की तेथील वायू सेकंदास हजारो किलोमीटर वेगाने धावत आहे. पुढे १९६३ मध्ये मार्टेन श्मिट याने ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ठिपक्याच्या वर्णपटातील रेषा तांबड्याकडे सरकलेल्या ओळखल्या, आणि तो ठिपका तारा नसून अब्जावधी प्रकाशवर्षांवरचा कोणी महातेजस्वी पदार्थ आहे हे सिद्ध झाले. त्यास क्वासार हे नाव पडले. एवढे तेज एवढ्याशा जागेतून निघावयाचे तर ताऱ्यांच्या भट्ट्या पुऱ्या पडत नाहीत. प्रचंड कृष्णविवरात पडत जाणारा वायू पडता पडता तापतो व तोच हे तेज देतो, ही उपपत्ती साल्पीटर व झेल्डोविच यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. ती आज सर्वमान्य आहे. वर्षाकाठी एका सूर्याएवढा ऐवज गिळला तरी अशा गाभ्यास सबंध दीर्घिकेपेक्षा अधिक प्रकाशता येते. तेव्हा भूक आहे, तोंड आहे, आणि बहुतेक मोठ्या दीर्घिकांत वायूही आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागीसुद्धा सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. मग सगळ्याच दीर्घिका पेटलेल्या का नाहीत? आपली का विझलेली आहे? खरा प्रश्न येथून सुरू होतो.

याचे उत्तर खळ्यावर पाहावयास मिळते. तिवड्याभोवती पातीचे बैल दिवसभर फिरतात, पण तिवड्यास टेकत नाहीत; दावे आखूड होईल तेव्हाच ते आत येतील. दीर्घिकेतला वायू असाच मध्याभोवती फिरत असतो. त्याच्या अंगी जी फिरण्याची पुंजी असते ती कोणीतरी हिरावून घेतल्यावाचून त्यास आत पडता येत नाही, आणि थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ सगळीच हिरावून घ्यावी लागते. किती आत यावे लागते याची कल्पना आकड्यांनी येत नाही, म्हणून असे समजा की मध्यापासून कडेपर्यंत पन्नास हजार प्रकाशवर्षे भरणारी दीर्घिका आम्ही जळकोटास केंद्र कल्पून मांडली व तिची कड पुण्यास नेऊन टेकविली. या नकाशात कृष्णविवराभोवतीची जी तेजस्वी चकती, ती जळकोटातल्या एखाद्या अंगणात ठेवलेल्या तळहाताएवढी भरेल. पुण्याचा वायू त्या तळहातावर आणून ठेवावयाचा आहे!

टक्कर हे काम करते असे म्हणणारांनी येथे नीट लक्ष द्यावे. दोन दीर्घिका जवळून गेल्या वा एकमेकींत मिसळल्या म्हणजे ओढाताणीने वायूची पुंजी खरोखर हिरावली जाते व तो आत धावतो. संगणकावरील प्रयोगांनी हे पुन्हा पुन्हा दाखविले आहे. परंतु तो धावतो कोठवर? काहीशे प्रकाशवर्षांच्या अंतरापर्यंत. आमच्या नकाशात हे म्हणजे जळकोटाच्या वेशीपासून दोन-तीन किलोमीटरांवर येऊन थांबणे झाले. नेमकी हीच गोष्ट एकट्या, कोणाशी न आदळलेल्या दीर्घिकेतला दांडाही करतो. अनेक सर्पिल दीर्घिकांच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा असतो, आणि तो आपल्या फिरण्याने वायूस आत ढकलीत राहतो. तो वायूही वेशीजवळच येऊन थबकतो. तेथून तळहातापर्यंतचा शेवटचा टप्पा कोण चालवितो, यावर अजून भांडण आहे. दांड्याच्या आत आणखी लहान दांडा, वायूच्या स्वतःच्या वजनाने पडणारे गोळे, म्हाताऱ्या ताऱ्यांनी टाकलेले कवच, असे अनेक उमेदवार पुढे आले आहेत. म्हणजे टक्कर होवो वा न होवो, शेवटचा रस्ता दोघांस सारखाच अवघड आहे. असे असता सगळे श्रेय टकरीच्या पदरी टाकणे हे वाटेत भेटलेल्या पहिल्या गाडीवानासच मुक्कामाचे भाडे चुकते करण्यासारखे आहे.

ही कथा इतकी रुचते का, याचा इतिहास मनोरंजक आहे. हंस नक्षत्रात सिग्नस-ए नावाचा एक प्रखर रेडिओ-उगम आहे. त्याची नेमकी जागा कळल्यावर वॉल्टर बाडे याने पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले. तेथे एक जोडगोळी दिसली. दोन दीर्घिका आदळत आहेत आणि त्या आदळण्यातूनच हे रेडिओ निघत आहेत, असे त्याचे मत झाले. मिन्कोव्स्की यास ते पटेना. दोघांत पैज लागली. वर्णपटात अत्यंत तापलेल्या वायूच्या रेषा दिसताच मिन्कोव्स्कीने हार मानली, व १९५४ मध्ये दोघांनी मिळून लेखही लिहिला. पैज बाडेने जिंकली, पण वाद मात्र तो हरला! पुढे दिसून आले की रेडिओचे दोन प्रचंड फुगे दीर्घिकेच्या कितीतरी बाहेर, दोन्ही अंगांस आहेत. मध्ये आदळण्यातून ते निघू शकत नाहीत, एकाच गाभ्याने दोन बाजूंस सोडलेल्या झोतांनी ते फुगविले आहेत. याच सुमारास, १९५८ मध्ये, आर्मेनियाचे अम्बार्त्सुमियन यांनी उलट बाजू मांडली की जे काय घडते ते गाभ्याच्या अंगच्या सामर्थ्याने घडते. त्यांच्या उपपत्तीतील बराच भाग टिकला नाही, परंतु सगळ्यांचे लक्ष गाभ्याकडे वळविण्याचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.

टक्कर येथे मेली असे वाटले, पण १९७२ मध्ये टूमरे बंधूंनी तिला संजीवनी दिली. काही दीर्घिकांना ज्या लांब शेपट्या व पूल दिसतात ते टकरीच्या ओढाताणीने कसे बनतात हे त्यांनी गणिताने दाखविले, आणि जाता जाता सुचविले की याच ओढाताणीने मध्यभागच्या भट्टीत सरपण पडत असावे. ती सूचना होती. तीस पुढच्या लोकांनी सिद्धांताची वस्त्रे नेसविली. १९८३ मध्ये आयरस उपग्रहाने अवरक्त किरणांत धगधगणाऱ्या दीर्घिका शोधल्या. त्यांतील सर्वांत तेजस्वी बहुतेक विलीन होत असलेल्याच निघाल्या. त्यावरून १९८८ मध्ये सँडर्स व सहकाऱ्यांनी टक्कर, मग धुळीचा लोट, मग धूळ उडून उघडा पडलेला क्वासार, अशी क्रमवार कथा रचली. कथा सुंदर होती. नंतरच्या संगणकीय चित्रफितींनी तर तिला नाटकाचे रूप दिले, आणि आज व्याख्यानांतून जी दाखविली जाते ती हीच.

येथे आम्हांस एका गृहस्थाची आठवण करून द्यावीशी वाटते. हॅल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये ३३८ विचित्र दीर्घिकांचा चित्रसंग्रह काढला. टकरीच्या बाजूचे लोक आजही ज्या चित्रांचे दाखले देतात त्यांतील कितीतरी त्या संग्रहातली आहेत. याच आर्प यांचे पुढे असे मत झाले की, कित्येक क्वासार हे दूरचे नसून जवळच्या सक्रिय दीर्घिकांनी बाहेर फेकलेले आहेत. कारण ते अशा दीर्घिकांच्या आसपास आकाशात वाजवीपेक्षा अधिक दिसतात. आपले जयंत नारळीकर यांनी त्या पुराव्यास हसण्यावारी न नेता त्यावर उपपत्ती बसवून पाहिल्या. विद्वत्सभेने या मतास काय उत्तर दिले? ते असे की, महाशय, आकाशात क्वासार चोहोकडे विखुरलेले आहेत. कोणत्याही दीर्घिकेच्या आसपास काही सापडणारच. सामान्य दीर्घिकांभोवती किती सापडतात ते आधी मोजा, मग अधिक-उण्याची भाषा करा. हे उत्तर योग्य होते, आणि त्याच न्यायाने आर्पांचे मत बहुतेकांनी सोडून दिले. परंतु मौज अशी की, हाच न्याय टकरीच्या कथेस लावण्याचे कित्येक वर्षे कोणास सुचले नाही! पेटलेल्या गाभ्याजवळ मोडलेली दीर्घिका दिसली की ‘पाहा, टकरीने पेटला’. शांत दीर्घिकाही तितक्याच मोडलेल्या असतात की काय, हे मोजावयास कोणी जाईना. २० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यास निवर्तले. त्यांची क्वासारविषयक मते आम्ही मानीत नाही. परंतु एकाच न्यायाने दोघांस तोलावे, ही त्यांची मागणी होती आणि ती आम्ही मानतो.

अखेर कोणीतरी मोजले. २०११ मध्ये सिस्टर्नास व त्यांच्या सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या चित्रांतून १४० सक्रिय गाभ्यांच्या दीर्घिका घेतल्या, आणि त्यांच्या जोडीस १,२६४ शांत दीर्घिका. कोणती कोणत्या गोटातली हे कळू न देता दहा जणांनी त्या डोळ्यांनी तपासल्या. फार मोडतोड झालेल्या किती? सक्रियांत १५ टक्के. शांत दीर्घिकांत सुमारे १२.६ टक्के. म्हणजे भेद जवळजवळ नाहीच. पुढच्याच वर्षी कोचेव्हस्की व सहकाऱ्यांनी विश्वाच्या बऱ्याच अगोदरच्या, सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील ७२ गाभे असेच तपासले, १६.७ विरुद्ध १५.५ टक्के. त्यांतील निम्म्याहून अधिक दीर्घिकांत सुरेख शाबूत चकत्या होत्या. टकरीने चकती मोडते, हे सांगणारे टकरीच्या बाजूचेच लोक आहेत.

इतके सांगून आम्ही थांबलो असतो तर आमच्यावरही तोच एकांगीपणाचा आरोप आला असता, आणि तो रास्त ठरला असता. कारण उलट साक्षही आहे, व ती खोटी नाही. २०१० मध्ये कॉस व सहकाऱ्यांनी स्विफ्ट उपग्रहाच्या तीव्र क्ष-किरणांतून निवडलेले जवळचे गाभे घेतले. हे किरण धुळीतून आरपार येतात, म्हणून दडलेले गाभेही सापडतात. तेथे मोडलेल्या दीर्घिका १८ टक्के, आणि शांत दीर्घिकांत केवळ १ टक्का! २०११ मध्ये सारा एलिसन व सहकाऱ्यांनी अगदी निकट आलेल्या जोड्यांत सक्रिय गाभ्यांचे प्रमाण एकट्या दीर्घिकांच्या सुमारे अडीच पट भरते असे दाखविले. धुळीत दडलेल्या गाभ्यांत तर हे नाते याहूनही बळकट दिसते. २०२३ मध्ये उडालेल्या युक्लिड दुर्बिणीच्या पहिल्या चित्रांचा २०२५ मधला निकालही याच बाजूस झुकतो. आणि मारियान व सहकाऱ्यांची गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. दूरच्या काळातील अत्यंत खादाड गाभे तपासले तेव्हा, २०१९ मध्ये, २४ विरुद्ध १९ टक्के, म्हणजे भेद नाही. जवळचे तसेच गाभे तपासले तेव्हा, २०२० मध्ये, ४१ विरुद्ध १७ टक्के, म्हणजे भेद ठळक. हात तेच, पद्धत तीच, उत्तरे दोन.

या गोंधळातून वाट काढणे कठीण नाही. मात्र त्यासाठी एका प्रश्नाच्या जागी दोन प्रश्न विचारावे लागतात. आदळलेल्या दीर्घिकांपैकी कितींचे गाभे पेटतात, हा एक. पेटलेल्या गाभ्यांपैकी किती आदळलेल्या दीर्घिकांतले आहेत, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर टकरीच्या बाजूचे आहे: टकरीने पेटण्याचा संभव वाढतो. दुसऱ्याचे आमच्या बाजूचे आहे: पेटलेल्यांपैकी बहुतेक आदळलेले नाहीत. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत, आणि पहिले दाखवून दुसरे सिद्ध झाल्याचा आव आणणे ही या कथेतली मुख्य लबाडी आहे.

कोयना आणि किल्लारी यांच्याकडे पाहा. कोयनेच्या जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. पाणी चढते-उतरते तसे तेथील लहान धक्केही कमीअधिक होतात; म्हणून जलाशयाने तेथे चाप ओढला हे बहुतेक भूशास्त्रज्ञांनी मान्य केले. तोच हिशेब किल्लारीस लावून काहींनी माकणीच्या पाण्याकडे बोट दाखविले. इतरांनी ते पाणी कोयनेच्या मानाने उथळ असल्याचे सांगून ते अमान्य केले. महाराष्ट्रात शेकडो धरणे आहेत, आणि बहुतेकांच्या उशाशी जमीन स्वस्थ झोपलेली आहे. जेथे भूगर्भात ताण आधीच साठला आहे तेथे पाण्याने फार तर निमित्त दिले, असेच म्हणता येते. ‘धरण झाले, भूकंप झाला, म्हणून धरणाने भूकंप केला’ असे कोणी आमच्या जिल्ह्यातील शाळेत शिकवू लागला तर आम्ही त्यास उभे करून विचारू की, बाकीच्या धरणांचे काय? मग ‘दीर्घिका आदळल्या, गाभा पेटला’ हे शिकविणारास बाकीच्या दीर्घिकांचे काय, हे विचारावयास आम्ही का भ्यावे?

आता महाराष्ट्रातल्या एका शोधाकडे येऊ; आमच्या मते या सगळ्या वादात इतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. जुनी समजूत अशी की, रेडिओचे लाखो प्रकाशवर्षे लांब झोत सोडणे हे फक्त थोराड, लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे काम. आणि अशा दीर्घिका सर्पिलांच्या टकरींतूनच बनतात. म्हणजे झोत दिसला की पाठीमागे टक्कर आहेच. २०१४ मध्ये पुण्याच्या आयुकातील जॉयदीप बागची यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनी जे २३४५–०४४९ या दीर्घिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. ती सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. ती सर्पिल आहे, आणि तिची चकती सेकंदास सुमारे ४३० किलोमीटर वेगाने फिरते. आपल्या आकाशगंगेचा वेग याच्या जवळपास निम्मा. तिच्या गाभ्यातून निघालेले रेडिओचे फुगे या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नास लाख प्रकाशवर्षांहून अधिक पसरले आहेत; देवयानी आपल्यापासून जितकी दूर, त्याच्या दुप्पट! आणि एवढे करूनही चकती शाबूत. मध्यभागी टकरीने बनणारा गोल फुगवटा नाही. चकतीच्या स्वतःच्या चलनवलनातून सावकाश बनणारा चपटा उंचवटा आहे. २०२५ मध्ये हबलच्या अधिक बारीक चित्रांवरून त्याच गटाने पुन्हा तपास केला, तेव्हाही निकाल तोच आला. याच्या आधी २०११ मध्ये आनंद होता व सहकाऱ्यांनी खोडदच्या जीएमआरटीच्या साहाय्याने ‘स्पेका’ ही अशीच सर्पिल व झोतवाली दीर्घिका जगापुढे आणली होती.

एक-दोन उदाहरणांनी नियम मोडत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. अशा सर्पिल दीर्घिका विरळाच आहेत. पण येथे खंडन होते ते ‘झोत दिसला की टक्कर’ या ‘च’काराचे, आणि ‘च’काराच्या खंडनास एक उदाहरण पुरते. शिवाय या दीर्घिकेने एक नवी दिशा दाखविली आहे. गाभा पेटतो की नाही हे ठरविताना बाहेरच्या पाहुण्यापेक्षा घराची स्वतःची घडण, म्हणजे चकतीचे वजन, तिचा वेग, मध्यभागची ठेवण व सभोवारचा वायूचा साठा, ही अधिक बोलकी असावीत. यजमानाच्या कोठारात धान्य किती, हे न पाहता पाहुणा कोण आला याचीच चौकशी करण्यात आजवर फार शाई खर्ची पडली आहे. या घडणीच्या बाजूसही सगळे आलबेल आहे असे नाही. दांडा असलेल्या दीर्घिकांत गाभे अधिक पेटतात काय, या प्रश्नावर काहींचे उत्तर होय आणि काहींचे नाही. आमच्या वेशीच्या दृष्टांतावरून यात नवल वाटू नये.

आमच्या प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट मुद्दे दोन आहेत. पहिला असा की, संख्येने थोडे असले तरी टकरीने पेटलेले गाभे सर्वांत तेजस्वी असतात. २०१२ मध्ये ट्राइस्टर व सहकाऱ्यांनी मांडले की गाभ्यांपैकी सुमारे दहावा हिस्सा टकरींचा असला तरी कृष्णविवरांच्या वजनातील वाढीपैकी निम्मी-शिम्मी त्यांच्यातच होते. हे खरे असेल. परंतु २०१८ मध्ये संगणकात उभ्या केलेल्या एका विश्वात हीच गणना केली, तेव्हा टकरींचा वाटा सुमारे ३५ टक्के निघाला. निम्मे म्हणा, तिसरा हिस्सा म्हणा. सर्वस्व तर नव्हे? दुसरा मुद्दा असा की, टक्कर सरते एकदा आणि गाभा पेटतो उशिरा. शिवाय विलीनीकरणास १०० कोटी वर्षे लागतात तर गाभा लाख-लाख वर्षांच्या खेपांनी पेटतो व विझतो, म्हणून पाहणारास खूण दिसेपर्यंत ती पुसून जाते. शिवाय चित्र अधिक खोल घेतले की पुसट शेपट्या दिसू लागतात. हेही खरे, २०११ मध्ये रामोस आल्मेदा व सहकाऱ्यांनी खोल चित्रे घेतली तेव्हा बलाढ्य रेडिओ-दीर्घिकांपैकी ८५ टक्क्यांत काहीना काही विकृती सापडली. पण पुढच्या वर्षी त्यांनीच तितक्याच खोलीने शांत लंबवर्तुळाकार दीर्घिका तपासल्या, तर त्यांतही निम्म्यांच्या आसपास विकृती निघाली! फरक उरतो, पण तो दाखविला जातो तेवढा नव्हे. आणि खूण दिसली तर टक्कर, न दिसली तर पुसलेली टक्कर, असे दोन्ही हातांनी जेवावयाचे असेल, तर त्या मतास खोटे ठरविणारी गोष्ट विश्वात उरतच नाही. अशा मतास शास्त्रात जागा नाही. फलज्योतिषात खुशाल असावी.

जी टक्कर आम्हांस सर्वांत जवळची, तिचीच काय अवस्था झाली पाहा. देवयानी आणि आपली आकाशगंगा सुमारे ४५० कोटी वर्षांनी आदळणार, असे एखाद्या ठरलेल्या मुहूर्ताप्रमाणे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०२५ मध्ये सावाला व सहकाऱ्यांनी शेजारच्या लहान दीर्घिकांची ओढही हिशेबात धरून नवे गणित केले. पुढील १,००० कोटी वर्षांत ती टक्कर होण्याचा संभव निम्माच निघाला. छापा की काटा! उलट आपल्या गाभ्याने मात्र टकरीची वाट पाहिलेली नाही. फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून २०१० मध्ये आकाशगंगेच्या चकतीच्या वर व खाली हजारो प्रकाशवर्षे पसरलेले दोन फुगे सापडले; काही दशलक्ष वर्षांपूर्वी आपला गाभा पेटला असावा, याची ती खूण असल्याचे पुष्कळ जण मानतात. त्या सुमारास आपल्यावर कोणती मोठी दीर्घिका आदळल्याचे कोणी म्हणत नाही.

मराठवाड्यातील वाचकांचा एक गैरसमज येथे दूर केलेला बरा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली, तेव्हापासून दीर्घिकांच्या विलीनीकरणाचा निकाल आता औंढ्यास लागणार, असे ऐकू येते. तसे नव्हे. ती वेधशाळा ताऱ्यांच्या वजनाची लहान कृष्णविवरे आदळतात तेव्हाच्या लहरी ऐकणार. लक्ष-कोटी सूर्यांच्या वजनाच्या विवरांच्या लहरी इतक्या सावकाश असतात की एकेका हेलकाव्यास वर्षे लागतात. त्या ऐकण्याचे काम पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांवरून चालले आहे, आणि त्यात पुणे जिल्ह्यातील खोडदच्या तीस तबकड्यांचा वाटा आहे. जून २०२३ मध्ये भारतीय व युरोपीय गटांनी मिळून अशा लहरींचा पुरावा मांडला. त्यावरून मोठी विवरे जोडीने फिरतात, म्हणजे दीर्घिका विलीन होतात, एवढे समजते. विलीन होताना त्या पेटतात की नाही, ते नाही.

जळकोट-उदगीरकडील ज्या शिक्षकास हा विषय वर्गात काढावयाचा असेल त्याने चित्रफीत दाखविण्याआधी चित्रेच मुलांपुढे ठेवावीत. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमात दीर्घिकांची चित्रे कोणासही पाहून वर्गवारी करता येते. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या नेदरलंड्समधील शाळामास्तरणीस त्यात एक हिरवट ढग सापडला. शेजारच्या दीर्घिकेचा गाभा मंदावल्यावरही त्याच्या जुन्या प्रकाशाने तो ढग उजळत राहिला आहे. भारतातही २०१३ पासून ‘रॅड अ‍ॅट होम’ या उपक्रमात विद्यार्थी जीएमआरटीच्या नकाशांतून असे झोत शोधतात. पन्नास पेटलेल्या आणि पन्नास शांत दीर्घिका, कोणती कोणती हे न सांगता, सातवीच्या वर्गात वाटाव्यात. मुलांनी ‘मोडलेली’ आणि ‘शाबूत’ असे दोन गठ्ठे करावेत, आणि मग पाठीमागची नावे उलटून पाहावीत. बहुतेक हात तेथेच डोके खाजवू लागतील.

आणि टकरीच्या बाजूने जे अजून व्यासपीठ गाजवितात त्यांस आमचा एकच प्रश्न आहे. तुमच्या पुढच्या व्याख्यानात जे २३४५–०४४९ चे चित्र पडद्यावर लावा, आणि त्या शाबूत चकतीकडे काठी रोखून श्रोत्यांस सांगा: हिच्यावर कोण आदळले, आणि केव्हा?